कातणारीचा हिशेब : अखिल भारत चरखा संघाची वाटचाल

सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. त्या घटनेला आता शंभर वर्षे झाली. संघ स्वतंत्र संस्था म्हणून आज उरलेला नाही. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच तो सर्व सेवा संघात विलीन झाला. तरीही आज देशात जिथे जिथे हाताने सूत कातले जाते आणि हातमागावर विणले जाते, तिथल्या बहुतेक रीती, मापे आणि नियम संघाच्या काळात घडले आहेत.

संघाचा इतिहास उत्पादनाच्या आकड्यांनी सांगता येतो, तसा नेत्यांच्या नावांनीही सांगता येतो. या लेखात दोन्ही येतील. पण संघाच्या कामाचे खरे मोल त्याने वेळोवेळी स्वतःला विचारलेल्या एका प्रश्नात आहे, असे मला वाटते. खेड्यातल्या घरात चरख्यापुढे बसलेल्या बाईच्या पदरात या साऱ्या खटाटोपातून काय पडते, हा तो प्रश्न. १९२५, १९३५ आणि १९४४ अशा तीन टप्प्यांवर संघाने तो विचारला आणि प्रत्येक वेळी आपली वाट बदलली.

पूर्वपीठिका

‘हिंद स्वराज’मध्ये गांधीजींनी चरख्याचा पुरस्कार केला तेव्हा त्यांनी चरखा किंवा हातमाग डोळ्यांनी पाहिल्याचे त्यांना आठवत नव्हते. आत्मकथेत त्यांनी हे सांगितले आहे. १९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम सुरू झाला. तिथे आधी हातमाग आले, पण त्यावर विणायला सूत गिरणीचेच होते. कापड हाताने विणलेले आणि सूत मात्र गिरणीचे, ही विसंगती आश्रमवासीयांना खटकत होती. कातणारे हात कुठे राहिले आहेत का, याचा शोध सुरू झाला.

तो शोध गंगाबेन मजमुदार यांनी पुरा केला. भडोचच्या शिक्षण परिषदेत त्यांची गांधीजींशी भेट झाली होती. गुजरातभर हिंडल्यावर त्यांना बडोदा संस्थानातील विजापूर येथे चरखे सापडले. ते घरोघरी माळ्यांवर धूळ खात पडले होते. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, नियमित मिळाले आणि सूत विकत घेणारा कोणी असला तर आम्ही पुन्हा कातू, असे तिथल्या बायांनी सांगितले.

पुढच्या शतकभराची अडचण त्या एका अटीत दिसते. कातायला बाया तयार होत्या, चरखेही होते. अडत होते ते पेळूपाशी आणि विक्रीपाशी. मुंबईच्या उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पाठवायची व्यवस्था केली आणि विजापुरात सुताचा ढीग पडू लागला. पण गिरणीचे पेळू वापरायचे, तर मग गिरणीचे सूत वापरण्यात काय वावगे, असा प्रश्न गांधीजींना पडला. गंगाबेननी पिंजारी शोधून काढला. त्याने महिन्याला पस्तीस रुपये मागितले आणि ते देण्यात आले. पिंजलेल्या कापसाचे पेळू वळायला गंगाबेननी मुलांना शिकवले. कापूस मुंबईहून आला. इकडे मगनलाल गांधींनी आश्रमात चरख्याच्या सुधारणेला हात घातला आणि तिथे चरखे व त्यांचे सुटे भाग तयार होऊ लागले. आश्रमात तयार झालेल्या पहिल्या खादीचा खर्च वारामागे सतरा आणे पडला होता.

याच सुमारास मुंबईत मणिभवनात कातण्याचा वर्ग सुरू झाला. अवंतिकाबाई गोखले, रमीबाई कामदार, शंकरलाल बँकर यांच्या मातोश्री आणि वसुमतीबेन या त्यातल्या पहिल्या शिकाऊ. गांधीजींचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या आणि हिंद महिला समाज उभा करणाऱ्या अवंतिकाबाईंनी चरखा कायमचा धरला. स्वतः कातलेल्या सुताची धोतरे त्या गांधीजींना वाढदिवसाला पाठवत असत.

१९२१ मध्ये बेझवाडा येथे काँग्रेस महासमितीने तीन उद्दिष्टे ठरवली. टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोट रुपये, एक कोट सभासद आणि देशात वीस लाख चरखे. चरखा आता राजकारणाच्या मध्यभागी आला. त्याचे चित्र ध्वजावर चढले. १९२३ च्या अखेरीस काकीनाडा काँग्रेसने अखिल भारतीय खादी मंडळ नेमले आणि त्याची धुरा वर्ध्याच्या जमनालाल बजाजांकडे आली.

पाटण्याचा निर्णय

१९२४ च्या बेळगाव अधिवेशनाचे अध्यक्ष स्वतः गांधीजी होते. काँग्रेसच्या सभासदाने पैशांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत द्यावे, असा नियम तिथे झाला. ज्यांना कातायचे नसेल त्यांनी दुसऱ्याचे सूत आणून द्यायची मुभा होती. नियम टिकला नाही. अनेकांनी कातणे मनापासून स्वीकारले नव्हते आणि विकतचे सूत भरून सभासद होण्यात कोणाचेच भले नव्हते.

सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला महासमितीने हा नियम सैल केला. वर्षाला चार आणे किंवा स्वतः कातलेले दोन हजार वार सूत, यांपैकी काहीही चालेल असे ठरले. त्याच वेळी खादीचे काम राजकीय चढउतारांपासून वेगळे काढून एका स्वायत्त संस्थेकडे सोपवण्यात आले. ती संस्था म्हणजे अखिल भारत चरखा संघ. संघ काँग्रेसचे अंग राहील, पण त्याची घटना, पैसा आणि अधिकार त्याचे स्वतःचे असतील, असे ठरले. अध्यक्ष गांधीजी, कोषाध्यक्ष जमनालाल बजाज आणि चिटणीस शंकरलाल बँकर. १९२२ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘यंग इंडिया’चे मुद्रक-प्रकाशक म्हणून बँकर यांना गांधीजींबरोबर शिक्षा झाली होती आणि येरवड्याच्या तुरुंगात ते त्यांचे सोबती होते. पहिल्या कार्यकारी मंडळात राजेंद्र प्रसाद, मौलाना शौकत अली, सतीशचंद्र दासगुप्ता, मगनलाल गांधी आणि जवाहरलाल नेहरू होते.

सभासदत्वाचे दोन वर्ग होते. ‘अ’ वर्गाचा सभासद अठरा वर्षांवरचा, नित्य खादी वापरणारा असावा आणि त्याने दरमहा एक हजार वार सूत संघाकडे जमा करावे. सूत स्वतः कातलेले, सारखे आणि नीट पीळ बसलेले हवे. ‘ब’ वर्गासाठी वर्षाला दोन हजार वारांची अट होती. ‘सारखे’ आणि ‘नीट पीळ बसलेले’ हे शब्द घटनेत होते, हे महत्त्वाचे आहे. राजकीय संस्थांच्या वर्गणीत नाण्याचा खरेखोटेपणा पाहतात. इथे धागा ताणून पाहिला जाई.

सुताची परीक्षा

हा आग्रह कशासाठी होता, हे मागावर बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून कातण्याची क्रिया जरा जवळून पाहू.

उजवा हात चरख्याच्या दांड्यावर आणि डाव्या हाताच्या चिमटीत पेळू. चाक फिरले की माळेमुळे चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी टोकदार सळई, गरगर फिरते. पेळूचे टोक चातीवरच्या धाग्याला लागले की तंतू पीळ घेऊ लागतात. डावा हात मागे सरकतो आणि पेळूतून धागा निघत जातो. हात वेगाने मागे गेला तर धागा बारीक होऊन तुटतो. रेंगाळला तर जाड गाठ बसते. हातभर धागा झाला की आणखी थोडा पीळ द्यायचा, चाक किंचित उलटे फिरवून धागा चातीच्या टोकावरून सोडवायचा आणि मग तो चातीवर गुंडाळायचा. पुन्हा पेळू, पुन्हा पीळ. चिमटीची पकड आणि चाकाची गती यांचा मेळ बोटांना बसावा लागतो, आणि तो बसेपर्यंत कित्येक पेळू वाया जातात.

चातीवरचे सूत मग फाळक्यावर उतरवायचे. संघाने मापे पक्की केली. फाळक्याचा एक वेढा चार फुटांचा, त्याला एक तार म्हणायचे. १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा अंक. वीस अंकाचे सूत म्हणजे एका पौंडात सोळा हजार आठशे वार धागा. अंकाबरोबर कस, म्हणजे धाग्याची ताकद आणि समानता, हेही तपासले जाई. खादी मंडळाच्या काळात प्रांतोप्रांतीचे सूत साबरमतीला येई, मगनलालभाई ते तपासत आणि त्याचा गोषवारा ‘यंग इंडिया’त छापला जाई.

विणकराच्या बाजूने पाहिले की या मापांचा अर्थ उलगडतो. एका ताण्यात पन्नास घरांचे सूत येऊ शकते. त्यात एखादी गुंडी कच्च्या पिळाची असली, तर खळ देऊनही तिचे धागे फणीत घासून तुटतात. धागा तुटला की माग थांबतो. विणकर उठतो, टोके शोधतो, सांधतो. गिरणीच्या सुतावर त्याचा माग दिवसभर अखंड चालत असताना असले सूत त्याने का घ्यावे? कोष्टी, साळी, मोमीन असे पिढीजात विणकर हातसूत टाळत होते, ते पोटाच्या हिशेबाने. त्यांना दोष देऊन खादी वाढणार नव्हती. सूत सुधारणे एवढाच उपाय होता. चरखा संघाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जी कामे केली, त्यांतले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी गवगवा झालेले काम हेच होते. गुंडी हातात घेऊन बाईला शांतपणे सांगायचे, की पीळ कमी पडतो आहे, पेळू नीट पिंजलेला नाही, चाती वाकडी झाली आहे.

संघाने विद्येचीही बांधणी केली. चरख्याचे शास्त्र पद्धतशीर मांडणारे पहिले लेखन मगनलाल गांधींचे. श्री. व्यं. पुणतांबेकर आणि ना. स. वरदाचारी यांचा हातकताई व हातविणाईवरचा अभ्यासपूर्ण प्रबंध संघाने १९२६ मध्ये प्रसिद्ध केला. रिचर्ड ग्रेग या अमेरिकन अभ्यासकाने १९२८ मध्ये खादीच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मगनलालभाई पाटण्याला अकाली गेले. संघाचा कारागीर आणि शिक्षक एकदमच हरपला.

लाखाचे बक्षीस आणि येरवडा चरखा

चांगली कातणारी बाई साध्या चरख्यावर तासाला सुमारे चारशे वार सूत काढते. आठ तास बसली तरी चार गुंड्या भरणे कठीण. तेवढ्या सुताची मजुरी किती देणार? वाढवायची तर एकतर दर वाढवायचा किंवा वेग. संघाने आधी वेगाचा मार्ग धरला.

जुलै १९२९ मध्ये संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा हलका असावा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा, आठ तास चालवूनही बाई दमून जाऊ नये. आठ तासांत त्याने बारा ते वीस अंकाचे सोळा हजार वार सूत द्यावे. किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, देशातच बनावा आणि किमान वीस वर्षे टिकावा. साध्या चरख्याच्या पाचपट वेग, पण वीज नाही, कारखाना नाही आणि घर सोडायची गरज नाही. देशातल्या आणि परदेशातल्या संशोधकांनी डोके लावले, पण सगळ्या अटी पुऱ्या करणारे यंत्र कोणालाच साधले नाही आणि बक्षीस कोणाला देता आले नाही.

तरी या काळात साधनांमध्ये मोठी भर पडली. १९३० च्या कारावासात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात छोट्या पेटीतल्या चरख्यावर बराच विचार आणि प्रयोग केला. एक मोठे आणि एक लहान अशी दोन आडवी चाके, त्यामुळे कमी जागेत चातीला वेग. पेटी मिटली की पुस्तकासारखी काखेत मारून नेता येते. या चरख्याला ‘येरवडा चरखा’ हेच नाव पडले आणि पुण्याचे ते नाव देशभर घरोघरी गेले. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याने, म्हणजे भारतानंदांनी, धनुष तकली तयार केली. तिला चाक नाही. धनुष्याच्या घासण्याने चाती फिरते आणि गावचा सुतार ती सहज बनवू शकतो. औंध संस्थानातल्या लोकराज्याच्या प्रयोगात सहभागी झालेले आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी प्रवचने इंग्रजीत नेणारे हेच ते भारतानंद.

वर्ध्याचे दशक

जमनालालजींच्या आग्रहावरून विनोबा भावे एप्रिल १९२१ मध्ये वर्ध्याला आले आणि तिथे सत्याग्रह आश्रम सुरू झाला. पुढे नालवाडी, मग पवनार. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघाले. त्याच वर्षाअखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत बस्तान ठोकले. मगनवाडीला नाव मगनलालभाईंचे. तिथले मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते डिसेंबर १९३८ मध्ये उघडले. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. चांदा जिल्ह्यातील सावली हे खादीचे केंद्र. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे संमेलन तिथे भरले. भोवताली कापसाचे शिवार आणि मध्ये हे कार्यकर्ते. संघाच्या इतिहासातला सर्वांत निर्णायक निर्णय याच मुलखात झाला, यात नवल नाही.

तो निर्णय मजुरीचा. सुरुवातीपासून संघाची भूमिका अशी होती, की शेतीतून रिकामा राहिलेला वेळ कातण्यात घालवला तर जे काही मिळेल ते वरकड. दिवसाला एखादा आणा मिळाला तरी उपाशी घराला आधार. ही भूमिका खोटी नव्हती, पण ती अपुरी होती. खादी स्वस्त ठेवायची म्हणून संघ स्वतःच कातणारीला बाजारात मिळेल त्या कमीत कमी दराने राबवत होता. दरिद्रनारायणाच्या नावाने चाललेल्या संस्थेत सर्वांत कमी मोबदला मिळत होता तो तिलाच.

विनोबांनी नालवाडीत हा प्रश्न अंगावर घेऊन पाहिला. दिवसाचे आठ तास, कधी त्याहून अधिक, एकाग्र होऊन कातायचे आणि संघाच्या दराने जेवढी मजुरी पडेल तेवढ्यातच पोट भरायचे, असा त्यांचा नेम होता. विनोबांसारखा कसलेला कातणारा सलग आठ तास बसूनही जेमतेम निभावतो आहे, तर चूल, मूल आणि शेत सांभाळून कातणारीला काय मिळत असेल, याचा हिशेब आता कागदावर राहिला नाही.

गांधीजींनी आठ तासांच्या कातण्याला आठ आणे मजुरी हे ध्येय मांडले. ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला संघाने ठराव केला, की कातणारीला तिच्या अन्नवस्त्राच्या गरजेवर आधारलेली किमान मजुरी मिळालीच पाहिजे. प्रत्येक प्रांताने तिथल्या खाण्यापिण्याच्या खर्चाचा अंदाज काढून दर ठरवायचे होते. प्रत्यक्षात सुरुवात आठ तासांना तीन आण्यांच्या आसपास झाली. पण एका आण्यावरून तीन आण्यांवर जाणे ही मोठी उडी होती. खादी महाग होणार, गिऱ्हाईक तुटणार, भांडारे ओस पडणार, अशी चिंता कार्यकर्त्यांना लागली. ती निराधार नव्हती. तरी संघाने दर वाढवले. वाढीव मजुरीबरोबर कातणारीनेही खादीच वापरावी, अशी अट घातली आणि मजुरीचा काही भाग खादीच्या रूपाने देण्याची रीत पडली.

देशात किमान वेतनाचा कायदा १९४८ मध्ये झाला. त्याच्या तेरा वर्षे आधी, घरात बसून काम करणाऱ्या, कुठल्याही संघटनेत नसलेल्या, बहुतांशी निरक्षर बायांसाठी एका संस्थेने स्वतःहून किमान मजुरी ठरवली आणि तिचा भार स्वतःच्या विक्रीवर घेतला. संघाच्या शताब्दीत सर्वांत ठळक अक्षरांत लिहायची गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर मी हीच सांगेन.

१९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नई तालीमीची, म्हणजे उद्योगातून शिक्षणाची, मांडणी झाली. मूलोद्योग म्हणून कातणे शाळेत आले. विनोबांनी ‘मूलोद्योग कातणे’ हे पुस्तक मराठीत लिहिले. तकली फिरवताना गणित, कापसाबरोबर भूगोल आणि शेती, चरख्याबरोबर यंत्रशास्त्र, असा तो क्रम होता.

विस्तार

संघाचे जाळे किती पसरले होते, ते १९४० च्या आकड्यांवरून कळते. त्या वर्षी किमान १३,४५१ गावांतल्या २,७५,१४६ लोकांना कातण्याचे, विणण्याचे आणि त्याला जोडून असलेल्या कामांचे मिळून ३४,८५,६०९ रुपये मिळाले. त्यांत ५७,३७८ मुसलमान होते. कातणाऱ्यांत बहुसंख्य बाया होत्या. गांधीजींनीच ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत हे आकडे दिले आहेत.

एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक प्रदेशाची विद्या वेगळी होती. आंध्रातल्या पोंडुरूला वालुगा माशाच्या जबड्याच्या दातांनी कापसाचे तंतू विंचरून अतिशय तलम सूत काढत. बिहारात मधुबनी, तमिळनाडूत तिरुपूर, बंगालात सतीशचंद्र दासगुप्तांचे सोदपूरचे खादी प्रतिष्ठान, काश्मिरात लोकर. मुंबईत विठ्ठलदास जेराजाणींनी खादी भांडार नावारूपाला आणले. शहरी गिऱ्हाइकाला काय हवे हे ओळखून त्यांनी रंग, छपाई आणि शिलाई यांकडे लक्ष दिले.

खादीचा खप वाढला तशी बनावटही वाढली. गिरण्यांचे जाडेभरडे कापड खादी म्हणून खपू लागले. १९३४ मध्ये ‘खद्दर’ या नावाच्या संरक्षणाचा कायदा झाला. संघाने प्रमाणपत्राची पद्धत पक्की केली. सूत हातचे, विणाई हातची आणि मजुरी ठरल्या दराने, या तिन्ही गोष्टी पाळणाऱ्यालाच प्रमाणपत्र मिळे. मजुरी हा शुद्धतेचा निकष ठरला, ही संघाने या व्यवहाराला दिलेली मोठी देणगी आहे.

बेचाळीस आणि नवसंस्करण

फेब्रुवारी १९४२ मध्ये जमनालालजी गेले. ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन पेटले आणि अनेक प्रांतांत संघाच्या केंद्रांना टाळे लागले, साठे जप्त झाले, कार्यकर्ते तुरुंगात गेले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबांचे निधन झाले. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवून त्यांना निरोप देण्यात आला.

मे १९४४ मध्ये स्थानबद्धतेतून सुटल्यावर गांधीजींनी संघापुढे कठोर हिशेब मांडला. सप्टेंबरात सेवाग्रामला बैठक झाली. केंद्रांना कुलपे लागताच काम का कोलमडले? सरकारने भांडार बंद केले म्हणजे गावातला चरखा का थांबावा? उत्तर स्पष्ट होते. गावाने कातले ते शहरात विकण्यासाठी, स्वतःच्या अंगावर घालण्यासाठी नव्हे. बाईला मजुरी मिळत होती, पण आपण हे का करतो याची समज तिच्यापर्यंत पोचली नव्हती. संघाने मदत केली, स्वावलंबन उभे केले नाही. ही उणीव गांधीजींनी संघाध्यक्ष म्हणून स्वतःकडे घेतली.

यातून ‘नवसंस्करण’ झाले. कातायचे ते समजून-उमजून, हा नवा मंत्र होता. ज्याने कातावे त्याने वापरावे आणि ज्याने वापरावे त्याने कातावे. केंद्रे विकेंद्रित करायची, गावाचे कापड गावात करायचे, व्यापारी विक्री कमी करायची. १९४५ पासून खादी घेताना किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने देण्याची अट आली. गिऱ्हाइकाला गुंडी घेऊन भांडारात यावे लागे. विक्री घटणार हे उघड होते. श्रीकृष्णदास जाजूंसारख्या वर्ध्याच्या काटेकोर आणि निःस्पृह कार्यकर्त्यांनी हा बदल राबवण्यासाठी जिवाचे रान केले. जाजूंनी संघाचा इतिहासही लिहून ठेवला.

विक्रीचे आकडे चढते असताना ‘आपण योग्य काम करतो आहोत का’ असे विचारणे आणि उत्तर नकारार्थी आले तर विक्री सोडून देणे, हे संस्थांच्या बाबतीत सहसा घडत नाही. या धोरणावर त्या वेळी वाद झाले. ते व्यवहार्य होते का, यावर आजही मतभेद होऊ शकतात. प्रामाणिकपणाबद्दल मात्र दुमत होऊ नये.

स्वातंत्र्यानंतर

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. चरख्याच्या जागी अशोकचक्र आले, पण ध्वजाचे कापड हातकताईच्या आणि हातविणाईच्या खादीचेच राहिले. गांधीजींच्या निधनानंतर मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला रचनात्मक कार्यकर्ते जमले. त्यातून सर्व सेवा संघ उभा राहिला आणि पुढे चरखा संघ त्यात मिसळून गेला. खादीची व्यवस्था शासनाने आपल्याकडे घेतली. जानेवारी १९५३ मध्ये अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि १९५६ च्या कायद्याने १९५७ मध्ये आयोग स्थापन झाला. आयोगाचे कार्यालय मुंबईत आणि पहिले अध्यक्ष वैकुंठभाई मेहता.

लाखाच्या बक्षिसाने जे साधले नव्हते, त्याच्या दिशेने तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी मोठे पाऊल टाकले. त्यांच्या अंबर चरख्यात गिरणीतल्या कताईचे तत्त्व घरगुती यंत्रात उतरले. एका चातीच्या जागी अनेक चात्या आल्या आणि पन्नाशीच्या दशकात शासनाने त्याचा मोठा प्रसार केला.

वेग वाढला, पण विजापूरचा जुना प्रश्न परत आला. अनेक चात्यांच्या चरख्याला एकसारखे, यंत्रावर तयार झालेले पेळू लागतात. आज देशातल्या बहुतेक खादी संस्था असे पेळू आयोगाच्या मोजक्या केंद्रीय कारखान्यांतून आणतात. विदर्भातला कापूस गावाबाहेर जातो आणि पेळूच्या रूपाने परत येतो. लोढणे आणि पिंजणे या दोन कामांची मजुरी व विद्या गावातून गेली आहे. उमर सोबानींच्या गिरणीतून पेळू आले तेव्हा गांधीजींना पडलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही सुटलेला नाही. वर्ध्याला मगन संग्रहालय आणि ग्रामसेवा मंडळ यांनी स्थानिक कापसापासून कापडापर्यंतची साखळी जपण्याचे काम चालू ठेवले आहे, म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

मराठवाड्यात नांदेडची खादी समिती उदगीरच्या केंद्रात तयार झालेल्या कापडातून राष्ट्रध्वज बनवते. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावर बनवलेल्या व पॉलिस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. तेव्हापासून या केंद्रांतल्या कारागिरांना स्वस्त ध्वजांशी झुंजावे लागते आहे.

शताब्दीचे काम

चरखा संघाने ठेवलेला वारसा म्हणजे केवळ एक वस्त्र किंवा वेष नव्हे. त्याने एक हिशेबाची पद्धत घालून दिली. ताण्यात कोणाचे सूत आहे हे ठाऊक असावे, त्याचा अंक आणि कस मोजावा आणि त्याच वहीत कातणारीची मजुरी लिहावी. कापडाची किंमत गिऱ्हाइकाच्या ऐपतीवरून ठरवून मग उरलेले कारागिराला द्यायचे, ही बाजाराची रीत संघाने उलटी केली. आधी कातणारीचे पोट, मग किंमत.

आज खादी पुन्हा चर्चेत आहे. रस्त्यावरच्या दुकानांपासून परदेशी प्रदर्शनांपर्यंत तिला मागणी आहे. या मागणीचा आनंद आहे. पण शताब्दी साजरी करणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या भांडारात कापडाच्या किमतीशेजारी त्यातला कातणारीचा आणि विणकराचा वाटाही लिहावा, अशी या निमित्ताने माझी विनंती आहे. गिऱ्हाइकानेही तो विचारावा. दर वर्षी तो वाटा गावच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहावा आणि कमी पडत असेल तर वाढवावा. १९३५ चा ठराव रद्द झालेला नाही. तो अमलात आणण्याचे काम आता आपल्याकडे आहे.